नावाची राखण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भोर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा, हा विचार आम्हांस फार वेळ करावा लागला नाही. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडा, लग्नातील खर्च, वसतिगृह यांवर बोलणे झालेले आहे, आणि ते सर्व विषय अगत्याचेच आहेत. परंतु गेल्या वर्षी आपल्याच एका कुटुंबावर जो प्रसंग गुदरला, तो जवळून पाहिल्यानंतर यंदा दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलण्यास आमचे मन घेईना. म्हणून प्रथम तो प्रसंगच सांगतो.

तोरण्याच्या पायथ्याकडील एका वाडीत आपले एक वृद्ध ज्ञातिबंधू राहतात. त्यांचे नाव आम्ही घेत नाही. त्यांनीच तशी विनंती केली आहे, आणि आजच्या विषयास ते धरूनही आहे. भाताची थोडी खाचरे, थोरला मुलगा मुंबईस, धाकटा घरी, असा त्यांचा संसार. चिखलणीसाठी पॉवर टिलर घ्यावा म्हणून गेल्या उन्हाळ्यात ते बँकेत कर्ज मागावयास गेले. तेथील साहेबांनी संगणकात पाहून सांगितले, "बाबा, तुमच्या नावावर आधीचेच एक कर्ज थकलेले दिसते. ते फेडल्यावाचून नवे कसे द्यावे?" ज्या गृहस्थाने उभ्या हयातीत सोसायटीचा हप्ता कधी चुकविला नाही, त्याच्या नावावर मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या कोणा कंपनीचे ४८,००० रुपये थकलेले होते!

पैशाची गोष्ट पुढची. अब्रूची गोष्ट आधीची. दोन महिने त्यांनी ही हकिकत घरात कोणास सांगितली नाही. धाकट्या मुलाने आपली कागदपत्रे नेऊन चोरून कर्ज काढले असावे, असा संशय त्यांच्या मनात घर करून बसला. इकडे मुलास वाटे, वडिलांनी कर्ज काढून थोरल्यास पैसे पाठविले आणि आता आपल्याशी अबोला धरला. कर्ज काढणारा तिसराच होता. त्याने या घराचा उंबराही पाहिलेला नव्हता. पण दोन महिने चूल मात्र या घरातली थंड राहिली.

पुढे मुंबईच्या मुलाने त्या कंपनीकडून कर्जाच्या अर्जाची नक्कल मागविली. तीत वृद्ध गृहस्थांच्या आधार कार्डाचे व पॅन कार्डाचे चित्र होते, त्यांच्याच नावाने घेतलेल्या एका अनोळखी सिमकार्डाचा क्रमांक होता, आणि ओळख सांगणारे म्हणून दोन नातेवाइकांची नावे व फोन क्रमांक होते. त्यांतील एका क्रमांकातला शेवटचा आकडा चुकलेला होता. बंधुभगिनींनो, तोच आकडा आपल्या मंडळाने छापलेल्या कुटुंब-परिचय पुस्तिकेत चुकलेला आहे. छापखान्यातली आमची चूक चोराच्या अर्जात जशीच्या तशी उतरलेली होती.

कार्डांची चित्रे कोठून गेली, हे कोणास सांगता येणार नाही. पण नातेवाइकांची माहिती आपल्याच पुस्तिकेतून गेली, याविषयी आम्हांस शंका नाही. त्या पुस्तिकेच्या संपादनात आमचाही हात होता. तेव्हा आज आम्ही आपणांस उपदेश करावयास उभे नाही. चूक कबूल करून तिचा उपाय एकत्र शोधावयास उभे आहोत.

दुसऱ्याचे नाव घेऊन फसविण्याचा धंदा आजचा नव्हे. आपल्या भाषेत त्यास फार जुना शब्द आहे: तोतया. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे त्यांचे नाव सांगणारा एक इसम उभा राहिला. तो पकडला गेला, कैदेत पडला. परंतु १७७६ साली ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात तो रत्नागिरीस होता, त्यानेच त्यास बाहेर काढले, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांना फौज घेऊन त्याच्यावर चालून जावे लागले. शेवटी आंग्र्यांनी त्यास धरले व त्याच वर्षी पुण्यास त्याचा निकाल लागला. त्या तोतयास निदान भाऊसाहेबांसारखे दिसावे लागे, बोलावे लागे, माणसांच्या नजरेला नजर द्यावी लागे. आजच्या तोतयास तोंडच दाखवावे लागत नाही. नाव, जन्मतारीख, कार्डाचे चित्र आणि एक सिमकार्ड एवढ्यावर त्याचे बंड चालते.

ही सामग्री त्यास मिळते कोठून? आपण ज्या कचेऱ्यांत, दुकानांत, बँकांत, रुग्णालयांत आपली माहिती देतो, त्यांच्या संगणकांतून. त्या संगणकांस भोक पडले, की लाखो लोकांची माहिती एका रात्रीत बाहेर जाते. यालाच माहितीची गळती किंवा डेटा चोरी म्हणतात. १२ जुलै १९६१ रोजी आपल्या वेल्ह्यातील पानशेतचे धरण फुटले व पुणे शहर पाण्याखाली गेले, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. खाली राहणाऱ्यांचा त्यात काही अपराध नव्हता. या गळतीतही तसेच होते. फरक इतकाच, की ते पाणी ओसरले. ही माहिती एकदा बाहेर पडली, की परत भांड्यात येत नाही.

काही उदाहरणे येथे सांगणे अवश्य आहे. २०१६ साली देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले आणि बँकांना कार्डे बंद करून नवी द्यावी लागली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, ११ व १३ या तारखांस, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून आणि बनावट कार्डे वापरून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रुपये लांबविले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरविले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तर सुमारे ८१.५ कोटी भारतीयांची नावे, फोन क्रमांक, आधार क्रमांक असा मजकूर चोरबाजारात विक्रीस आल्याचे एका परदेशी सुरक्षा संस्थेने जाहीर केले.

संगणक फोडावाच लागतो, असेही नाही. २००५ साली पुण्यातील एका फोनसेवा केंद्रातील काही नोकरांनी अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या खोट्या खात्यांत वळविले. कुलूप तोडले नाही. किल्ली विचारली आणि मालकाने दिली.

या प्रकरणांतून एक भेद ध्यानात घ्यावा. कॉसमॉसच्या प्रकरणात पैसे बँकेचे गेले. ठेवीदारांची खाती सुरक्षित असल्याचे बँकेने जाहीर केले. डेबिट कार्ड फुटले, तर बँक नवे कार्ड देते. परंतु आपली जन्मतारीख, आपल्या आईचे नाव, आपल्या अंगठ्याचा ठसा नवा कोण देणार? शिवाय बँकेची तिजोरी रिकामी झाली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावास कळते. आपल्या नावाची चोरी झाली, तर ती आपल्यावाचून दुसऱ्या कोणास कळण्याचा मार्गच नाही. म्हणून या मालाची राखण मालकानेच केली पाहिजे.

आता आपल्या भोर-वेल्ह्याकडे पाहू. आपल्याकडे हा धोका तीन वाटांनी येतो.

पहिली वाट कर्जाची. ती वर सांगितलीच.

दुसरी वाट अंगठ्याची. वाडीवस्तीवर बँकमित्र येतो, यंत्रावर अंगठा घेतो आणि पैसे देतो. वृद्धांस ही मोठी सोय आहे, आणि ती बंद व्हावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याच्याजवळ आपला आधार क्रमांक व अंगठ्याची नक्कल आहे, त्यासही त्याच वाटेने येता येते. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून खरेदीखते उतरवून घेतली, त्यांवरील ठशांवरून रबरी अंगठे तयार केले आणि हजारो सिमकार्डे चालू केली. खरेदीखतावर अंगठा असतोच, आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांची पुस्तके कोणासही पाहता येतात, नक्कलही मिळते. व्यवहार उघड राहावेत, हा त्यामागील हेतू चांगला आहे. परंतु ज्याने कधी जमिनीचा दस्त केला, त्याचा अंगठा गुप्त राहिला आहे, असे धरून चालता येणार नाही.

तिसरी वाट जमिनीची, आणि ती आम्हांस सर्वांत अधिक भयावह वाटते. पानशेत, वरसगाव, भाटघर, गुंजवणी या धरणांच्या काठच्या आणि महामार्गालगतच्या जमिनींस शहरातून गिऱ्हाईक येऊ लागले आहे. आपली अर्धी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मुंबई-पुण्यास. गावची जमीन पडीक, सात-बारावर आजोबांचे किंवा चुलत्यांचे नाव, आणि चार चार वर्षे कोणी उतारा पाहत नाही. अशा जमिनीचा मालक म्हणून कोणी खोट्या आधार कार्डासह दुय्यम निबंधकासमोर उभा राहिला, तर खरा मालक परळच्या खोलीत झोपलेला असताना त्याची जमीन विकली जाऊ शकते. नोंदणीच्या कामी खोटा माणूस उभा करणे हा गुन्हा १९०८ च्या त्याच अधिनियमात सांगितला असून त्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षा होईपर्यंत कज्जा चालविण्यात आपले आयुष्य जाते.

मग उपाय काय? तो सांगताना आम्हांस या भोर गावाचेच स्मरण होते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव म्हणून जो प्रधान असे, त्याचे काम कागद तपासण्याचे होते. राजपत्रातला मजकूर नीट पाहावा, कमीजास्त अक्षर दुरुस्त करावे, मग त्यावर आपली खूण करावी. राजाराम महाराजांच्या काळी हे पद शंकराजी नारायण यांस मिळाले आणि त्यांच्या घराण्याचे हे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत चालले. आणखी एक रीत त्या काळी होती. पत्राचा मजकूर संपला, की त्याखाली लहान मुद्रा, मोर्तब, उमटवीत. हेतू असा, की मजकूर येथे पुरा झाला, यापुढे कोणी ओळ घुसडू नये. राजगडावरून निघणाऱ्या कागदांस एवढी शिस्त होती. त्याच राजगडाच्या नावे वेल्हे तालुक्याचे नामकरण करण्याचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नाव घेतले, तशी शिस्तही आपण घ्यावी. आज प्रत्येक घराने आपला सचिव आपणच झाले पाहिजे. त्याची कामे आम्ही चार सांगतो: मोर्तब करणे, कुलूप लावणे, तपासणी करणे आणि ताबडतोब वर्दी देणे.

पहिले काम मोर्तब. आधार कार्डाची झेरॉक्स कोरी कोणासही देऊ नये. तीवर तिरप्या ओळीत, अक्षरे चित्रावर येतील अशी, लिहावे: अमुक कामासाठीच, अमुक कचेरीस, अमुक तारखेस. असा कागद दुसऱ्या कामी वापरणे चोरास अवघड जाते. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही, तेथे ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, असे झाकलेले आधार कार्ड द्यावे. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरविता येते. तसाच १६ आकड्यांचा पर्यायी क्रमांकही २०१८ पासून मिळू लागला आहे. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत टाकून येऊ नये. घरी आणून चुलीत घालावी. आणि फोनवर आलेला ओटीपी ही तर आपली मुद्राच होय. समोरचा मनुष्य आपले नाव, गाव, खाते सर्व बरोबर सांगतो, म्हणून तो बँकेचा, असे मानू नये. गळतीनंतर हे सर्व बरोबर सांगणे चोरास मुळीच कठीण राहिलेले नाही.

दुसरे काम कुलूप. आधारवरील अंगठा व डोळ्यांचा ठसा यांस कुलूप लावण्याची सोय आधार प्राधिकरणाने ठेवली आहे. मोबाइलवरील त्यांच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून ते लावता येते. कुलूप असेपर्यंत त्या अंगठ्यावर पैसे निघत नाहीत. मात्र एक गोष्ट विसरू नये: कुलूप असेपर्यंत रेशनच्या दुकानातही अंगठा लागणार नाही. म्हणून रेशनच्या दिवशी ते तात्पुरते उघडावे व पुन्हा लावावे. हे ज्यांस जमणार नाही, त्यांनी निदान मोठी रक्कम अंगठ्याच्या खात्यात ठेवू नये. याविषयीच्या शंकांसाठी प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १९४७ आहे. स्वातंत्र्याचे साल म्हणून तो ध्यानातही राहतो.

या कुलुपाची किल्ली म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक. आपल्याकडे कित्येक वृद्धांच्या आधारला मुंबईच्या मुलाचा, कधी भाच्याचा, कधी बंद पडलेलाच क्रमांक जोडलेला असतो. बंद क्रमांक काही काळाने दुसऱ्या माणसास दिला जातो, आणि आपले निरोप त्याच्या घरी जाऊ लागतात. तेव्हा घरोघरी प्रथम एवढेच पाहावे, की आधारला व बँकेला कोणता क्रमांक जोडलेला आहे, आणि तो आज कोणाच्या हाती आहे.

तिसरे काम तपासणी. वर्षातून तीन कागद पाहावेत. एक, कर्जाचा अहवाल. देशात अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असे ठरले आहे. आपल्या नावावर आपण न काढलेले कर्ज असेल, तर ते येथे दिसते. तक्रार केल्यास ३० दिवसांत तिचा निकाल लावावा, न लावल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असाही रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. दोन, सिमकार्डांची यादी. केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे २०२३ पासून पाहता येते, आणि आपली नसलेली जोडणी तेथेच कळविता येते. आपल्या वृद्ध ज्ञातिबंधूंच्या नावावर त्यांना ठाऊक नसलेली दोन सिमकार्डे निघाली! तीन, जमिनीचा सात-बारा. तो महाभूलेखवर मुंबईत बसूनही दिसतो. खरेदीखत झाले, की फेरफार प्रमाणित होण्याआधी संबंधितांस नोटीस निघते व हरकतीस १५ दिवसांची मुदत असते. गावची ती नोटीस आपली चावडी या संकेतस्थळावरही लागते. शहरातल्या तरुणांनी महिन्यातून एकदा आपल्या गावाची ती चावडी उघडून पाहावी. गणपतीस गावी जाणे जसे आपण चुकवीत नाही, तसे हेही चुकवू नये.

चौथे काम वर्दी. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा व राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. जितकी घाई, तितकी रक्कम वाटेत अडविण्याची आशा अधिक. त्याच दिवशी बँकेस लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असा नियम घालून दिला, की चूक ग्राहकाची नसून बाहेरच्या तिसऱ्याची असेल आणि ग्राहकाने निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविले, तर त्याच्यावर काही तोशीस येत नाही. तेव्हा लाजेने गप्प बसलेला प्रत्येक दिवस आपणच आपल्या पदरचा घालवितो. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात अर्ज देताना हे कलम नमूद करावे. लक्षात ठेवावे, की येथे तक्रार करणारा गुन्हेगार नसतो. चोरी झालेल्या घराच्या मालकास गाव दोष देत नाही. मग नावाची चोरी झालेल्यास का द्यावा?

आता मंडळाविषयी. आपण पिढ्यान् पिढ्या परस्परांवरील विश्वासाने चालत आलो. कोणाचे गाव कोणते, आजोळ कोठले, मुलगी कोणत्या घरी दिली, हे सर्वांस ठाऊक असण्यातच ज्ञातीचे सामर्थ्य आहे. म्हणूनच आपण परिचय पुस्तिका काढली, वधूवर सूची काढली, आणि दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे अर्ज घेतले. ते सर्व शुद्ध हेतूने झाले. परंतु जी माहिती पूर्वी पंक्तीला बसलेल्या शंभर माणसांत राही, ती आज एका मोबाइलवरून हजारो अनोळखी लोकांकडे जाते. जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, फोन, पत्ता आणि छायाचित्र एकाच पानावर छापणे म्हणजे तोतयाच्या हाती पोशाख देणे होय.

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतली, हे सांगावे, काम झाले की ती ठेवू नये, आणि गळती झाल्यास संबंधितांस कळवावे, असा त्याचा आशय आहे. कायद्याचा बडगा येईपर्यंत आपण वाट का पाहावी? कार्यकारिणीपुढे आम्ही असा ठराव ठेवणार आहोत: परिचय पुस्तिकेत यापुढे जन्मतारीख व फोन क्रमांक छापू नयेत; वधूवरांची पूर्ण माहिती दोन्ही घरांच्या संमतीनेच हातोहात द्यावी; शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबत आधारची प्रत मागू नये, आणि मागील वर्षांच्या ज्या प्रती कपाटात पडून आहेत, त्या दोन सभासदांच्या समक्ष नष्ट कराव्या; आणि प्रत्येक गावात व मुंबई-पुण्याच्या प्रत्येक विभागात एकेक जाणता तरुण वा तरुणी नेमावी, जी वृद्धांच्या घरी जाऊन वर सांगितलेली कामे त्यांच्याच समोर करून देईल व गुप्त क्रमांक स्वतःजवळ ठेवणार नाही. हा ठराव आपण मंजूर करावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

शेवटी त्या वृद्ध ज्ञातिबंधूंचे काय झाले, ते सांगून भाषण पुरे करतो. तक्रार झाली, अर्ज झाले, तीन वेळा पुण्यास खेटे घालावे लागले. अखेरीस त्यांच्या नावावरचे ते कर्ज काढून टाकण्यात आले. कर्ज काढणारा अजून सापडलेला नाही. पॉवर टिलरचे कर्ज मंजूर झाले, पण तोवर लावण्या उरकल्या होत्या. यंदाची चिखलणी त्यांनी भावकीच्या बैलांवर केली. आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा परिचय पुस्तिकेविषयी क्षमा मागितली. त्यांनी ती पुस्तिका फळीवरून काढली, चुकलेला आकडा पेनाने दुरुस्त केला आणि म्हणाले, "पुस्तक वाईट नाही हो. माझ्या बापाचं नाव यात पहिल्यांदा छापून आलं. फक्त पुढच्या खेपेला नावच छापा, बाकीचं आमच्यापाशी राहू द्या."

याहून अधिक आम्हांस काही सांगावयाचे नाही.